बनसोडेजींची पिकअप आणि चढाचा प्रश्न

माणूस समोर आला की बनसोडेजी आधी त्याचा टॉर्क बघतात. गल्लीतल्या एका मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा बाकीचे मुलाच्या नोकरीची चौकशी करत होते. बनसोडेजींनी त्याला कोपऱ्यातली गाद्यांची थप्पी सरकवायला लावली आणि बाहेर येऊन मुलीच्या वडिलांना हळूच सांगितलं, "पॉवर आहे भिया, पर टॉर्क नाही. हायवेला पळेल, भरल्या संसाराला नाही ओढणार." पुढे लग्न झालं, संसारही छान चालला आहे. बनसोडेजी मात्र अजून चढाची वाट बघताहेत.

हे वेड त्यांना माझ्यामुळे लागलं. मी मूळची नगरची. इंदूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि परदेशीपुऱ्यात बनसोडेजींच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली त्यांचं टेंट हाउस: खुर्च्या, गाद्या, कनाती, आणि दारात जुनी पांढरी डिझेल पिकअप. मी राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी मला पॉवर आणि टॉर्कमधला फरक विचारला. मी म्हटलं, पॉवर म्हणजे काम किती झपाट्याने उरकतं ते, आणि टॉर्क म्हणजे चाकाला पीळ किती जोराचा बसतो तो. चढावर गाडी उचलायची तर कमी वेगातही टॉर्क हवा. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्या दिवशी मला हेच सगळं दूधवाल्याने समजावून सांगितलं.

त्यानंतर पिकअपचं इंजिन सुधारायचं काम सुरू झालं. बनसोडेजी दुकानादुकानांत जात, माल हातात घेऊन वजन करत आणि एकच प्रश्न विचारत, "ते ठीक आहे, चढावर काय होईल ते बोला." दुकानदार चमकदार पाइपांकडे बोट दाखवत. बनसोडेजी म्हणत, चमकवायचं असतं तर मी बायकोला कंगन घेतलं असतं.

तरी दोनदा फसलेच. पहिल्यांदा उघड्या तोंडाचं एअर फिल्टर बसवलं. इंजिनला मोकळा श्वास मिळेल असं दुकानदाराने पटवलं होतं, पण ते बॉनेटच्या आतली गरम हवाच ओढू लागलं आणि गाडी आधीपेक्षा सुस्तावली. फिल्टर उतरलं. शोभाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ते धुऊन त्यात लसूण ठेवला. दुसऱ्यांदा मोकळा सायलेन्सर लावला. त्याने गाडी काही जोरात पळाली नाही, नुसती जोरात बोलायला लागली. एका लग्नात ते खुर्च्या उतरवायला गेले, तर बँडवाल्यांना स्वतःचं वाजवणं ऐकू येईना. त्यांनी वाद्यं खाली ठेवली आणि शांतपणे पिकअप जायची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी जुना सायलेन्सर परत चढला.

मग मोठ्या टर्बोची गोष्ट निघाली. मी सांगितलं, टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा; मोठा असला तर जागा व्हायला वेळ घेतो, हळू चढताना उलट आळशी वाटेल. बनसोडेजी म्हणाले, "मतलब आमच्या भाच्यासारखा. उठला की पहाड फोडेल, पर उठवणार कोण?"

मी हसत हे काकूंना सांगायला गेले. त्या पाठीला पट्टा बांधून उभ्यानेच भाजी चिरत होत्या. मागच्या वर्षी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. मी सहज म्हटलं, की काकांना चढाचं एवढं काय पडलंय, टेंटचा माल तर सगळा शहरातच फिरतो.

काकूंनी सुरी खाली ठेवली. त्यांचं माहेर मंडलेश्वरला, नर्मदेकाठी. महूवरून जाम गेटचा घाट उतरला की पुढे थोडंसंच. ऑपरेशननंतर त्यांना मोटारीत वाकून बसता येईना, पिकअपच्या उंच सीटवर मात्र स्टुलावरून नीट सरकता येई. म्हणून एकदा पिकअपनेच गेल्या. जाताना उतार होता, ठीक झालं. परत येताना चढावर गाडीचा दम सुटला. काका गिअर बदलत राहिले आणि प्रत्येक झटका काकूंच्या पाठीत उतरला.

"मी एकदाच ओरडले बेटा," काकू म्हणाल्या. "त्यानंतर मी मंडलेश्वरचं नावच काढलं नाही. यांनीपण नाही काढलं. बस, पार्ट आणायला लागले."

त्या दिवसापासून मी दुकानांच्या फेऱ्यांत बनसोडेजींबरोबर जाऊ लागले. मला काय कळलंय ते त्यांना सांगितलं नाही. शेवटी आम्ही दोघांनी मिळून जे ठरवलं त्याला गल्लीत कोणी अपग्रेडही म्हटलं नसतं. टर्बोची हवा जिथून गळत होती तो फुटका होज, म्हणजे रबरी नळी, बदलला. डिझेल फवारणारे इंजेक्टर साफ करून घेतले. इंजिनची थरथर केबिनमध्ये येऊ नये म्हणून त्याखालचे झिजलेले रबरी माउंट नवे टाकले. मग एका भरवशाच्या माणसाकडून इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग थोडीशीच बदलून घेतली, कमी वेगात ओढ वाढेल एवढी. तो आणखी वाढवून द्यायला तयार होता. बनसोडेजींनी नको म्हटलं, क्लच म्हातारा आहे.

पुढच्या रविवारी त्यांनी काकूंना फक्त, "चल, भावाला भेटून येऊ," एवढंच सांगितलं. काकू साडी बदलायला आत गेल्या. मी मागे गादी टाकून बसले. मंडलेश्वरला काकू भावजयीबरोबर नर्मदेच्या घाटाच्या वरच्या पायरीवर बसून नदी बघत राहिल्या. बनसोडेजी मात्र जेवतानासुद्धा दारातल्या गाडीकडे बघत होते. मी चिडवलं, तर म्हणाले, "मॅडमजी, न्यायला काय, कोणीपण नेईल. परत आणता आलं पाहिजे."

परतीच्या चढाला ते इतके हळू निघाले की एक ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. एवढा मिळवलेला जोर त्यांनी एकदाही दाखवला नाही. गाडी एकाच गिअरमध्ये, न कुरकुरता, वळणामागून वळण चढत गेली. मागच्या काचेतून मला काकूंचं डोकं दिसत होतं. आधी ताठ होतं. घाटमाथ्यावर जाम गेट आलं तेव्हा ते खिडकीला टेकलं होतं.

संध्याकाळी गल्लीत पोचलो. मी उतरून काकूंसाठी स्टूल आणलं. बनसोडेजींनी काचेतूनच ओठांवर बोट ठेवलं. काकू गाढ झोपल्या होत्या. डिझेल इंजिन बंद होताना एक हिसका देतं, म्हणून त्यांनी चावी फिरवलीच नव्हती. शेजारचे काहीतरी विचारायला आले, तर त्यांनाही हातानेच परत पाठवलं.

मी स्टूल दाराशी ठेवून वर गेले. चहा केला, प्यायले, कप विसळला. खाली इंजिन अजून चालू होतं.