पेशकारांचा राजीनामा

“आता भाकरीला बी व्याकरण लागंल ह्या घरात,” हमिदाबी पिठाच्या गोळ्यालाच म्हणाल्या. पण चूल आणि ओसरी यांच्यामध्ये एक पडदा काय तो होता, आणि पडद्याअलीकडं बसलेल्या जैनोद्दीन पेशकारांचे कान शाबूत होते.

“‘बी’ नव्हे, ‘सुद्धा’,” ते म्हणाले. “आणि ‘लागंल’ नव्हे, ‘लागेल’.”

“लागेल तर लागेल. बोलता बोलता भाकर करपली ती करपलीच.”

जैनोद्दीन उमरग्याच्या तहसील कचेरीत पेशकार होते. साहेबापुढं कागद मांडायचा, वाचून दाखवायचा, हुकूम उतरवून घ्यायचा, हे काम त्यांनी बावीस वर्षं बिनतक्रार केलं. पण सगळं उर्दूत. मग निजामाचं राज्य गेलं, पुढं मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि एके दिवशी हुकूम आला की कारभार यापुढं मराठीत चालेल. ज्यांना मराठी लिहिता येत नाही त्यांनी परीक्षा द्यावी. दोन खेपा मिळतील. दुसऱ्या खेपेलाही जमलं नाही तर घरी बसावं. पहिली खेप पेशकारांची चार गुणांनी हुकली. दुसरी उस्मानाबादला ऐन उन्हाळ्यात झाली, तिला आता अडीच महिने होत आले होते आणि निकालाचा पत्ता नव्हता.

तयारीत त्यांनी कसर म्हणून ठेवली नव्हती. शेजारच्या लक्ष्मीबाई कन्याशाळेत मास्तरीण. कचेरी सुटली की पेशकार त्यांच्या ओट्यावर पाटी घेऊन बसत, सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि रस्त्यानं जाणाऱ्या पोरी हसल्या तर पाटी थोडी उभी धरत. असं आठ महिने. ‘ळ’ साधायला एक महिना गेला. लिंगांनी तर जीव नकोसा केला. शेवटी त्यांनी घरातल्या एकेका वस्तूवर खडूनं लिहून ठेवलं: तवा तो, चूल ती, पातेलं ते.

“आन् मी?” हमिदाबींनी विचारलं होतं.

“तू ती.”

“बरं झालं सांगितलं. मला वाटलं, पातेल्यासंगं गेले का काय.”

घरात मराठीच बोलायची हा नेमही तेव्हाचाच. हमिदाबी मूळच्या बेंबळीच्या, शेजारणींसोबत दळणकांडण करत वाढलेल्या. मराठी त्यांना नवऱ्याहून दहापट यायची. फक्त परीक्षेत चालणारी नव्हती. परीक्षा झाली तरी पेशकारांनी नेम काही मोडला नाही, कारण नेम मोडला तर मग करायचं काय, हा प्रश्न होता. अभ्यासाला आठ महिने पुरले नव्हते आणि आता दिवस सरता सरत नव्हता. प्रश्नपत्रिकेची घडी ते कायम शेरवानीच्या खिशात बाळगत, दिवसातून तीनदा उघडत आणि स्वतःला गुण देत. सकाळी पास होत, दुपारी अडखळत, संध्याकाळी पुन्हा कसेबसे वर येत.

‘नापास’ हा शब्द घरात कुणी उच्चारायचा नाही, असं लक्ष्मीबाईंनी बजावलं होतं. धीर खचतो म्हणे. त्यामुळं हमिदाबी ‘तसलं काय झालं तर’ म्हणत, लक्ष्मीबाई ‘कमीजास्त’ म्हणत, आणि दारावर येणारी भाजीवाली धुरपदाबाई, जिला कुणी काही बजावलं नव्हतं, तीसुद्धा आपसूक म्हणायची, “त्ये काय कळलं का, दादा, त्ये?”

“या वांग्यांचे मूल्य काय?” पेशकार उलट विचारत.

“मूल्य आज आन्लं न्हाय. वांगी घ्या.”

अशात जिल्ह्याच्या कचेरीतून एक पत्रक आलं. जुने उर्दू कागद लावायला माणसं हवी होती. निकाल लागेपर्यंत परीक्षार्थींपैकी कुणाची उस्मानाबादच्या दफ्तरखान्यात काम करायची तयारी असेल, तर त्यानं आपल्या साहेबामार्फत लेखी कळवावं. पेशकार हरखले. उर्दू वाचायची, तीही सरकारी हुकमानं. आणि मुख्य म्हणजे वाट बघत बसायचं नाही.

उत्तर त्यांनी एकट्यानं लिहिलं. लक्ष्मीबाईंनासुद्धा दाखवलं नाही. ‘मेहेरबान’ खोडून ‘माननीय’ केलं, ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासलं आणि स्वच्छ नक्कल पाकिटात घालून तहसीलदारांच्या हातात ठेवली:

‘आपले पत्रक वाचून, पूर्ण विचारांती, कोणाच्याही दडपणाशिवाय मी माझा राजीनामा आनंदाने सादर करीत आहे. तो सत्वर मंजूर व्हावा, ही नम्र विनंती.’

तहसीलदार आण्णासाहेब पुण्याकडून बदलून आलेले. तिकडं त्यांना मामलेदार म्हणत, इकडं तहसीलदार; दोन्हींना ते ओ देत. माणूस भला. पत्र वाचून त्यांचा चेहराच उतरला. दफ्तरखान्यात धूळ झाडायला बोलावलेलं या माणसाला लागलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी अव्वल कारकून उत्तरेश्वर यांना आत बोलावलं.

“पेशकारांनी राजीनामा दिलाय. आनंदाने, म्हणे. मानी मनुष्य आहे. कुणी त्यांच्यापाशी विषय काढू नका, जखमेवर मीठ नको.”

“न्हाय काढत, साहेब,” उत्तरेश्वर म्हणाले, आणि ते पाळलं. न काढण्याजोगा विषय कोणता, तेवढं मात्र सगळ्यांना सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पेशकार कचेरीत आले तो शिपाई धोंडीबा पाण्याचा तांब्या घेऊन समोर. तीन हाका मारल्याशिवाय हा कधी हलत नसे. उत्तरेश्वरांनी आपली हातांची खुर्ची त्यांच्याकडं सरकवली. आणि ते कागद घेऊन आत गेले, तर आण्णासाहेब उठून उभे राहिले.

पेशकारांनी मनात हिशेब केला. तहसीलदार आपल्यासाठी उठून उभा राहतो, म्हणजे आपण पडलो. निकाल आलेला आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सांगायची कुणाची छाती होत नाही. विचारावं, तर तेवढीही आशा जाईल. त्यांनी विचारलं नाही. कागद वाचून दाखवला. ‘ळ’ सगळे बरोबर आले, पण आता त्यांचा काय उपयोग?

मग हे वाढतच गेलं. उत्तरेश्वरांच्या घरून बातमी लक्ष्मीबाईंकडं पोचली. आठ महिन्यांच्या कष्टावर या माणसानं निकालाआधीच पाणी सोडलं, म्हणून त्यांना राग आला, मग वाईट वाटलं, आणि शेवटी त्यांनी धपाटे करून पाठवले, सोबत दही. धोंडीबाकडून धुरपदाबाईला कळलं. तिनं वांग्यांवर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि म्हणाली, “आसू द्या, दादा. दिस काय ऱ्हात न्हाईत.” हमिदाबी पडद्याआडून हे बघत होत्या. लोकांचं हे लाडावणं त्यांना कळेना, नवऱ्याचा चेहरा मात्र कळला. त्यांनी काही विचारलं नाही. भाकरी तेवढ्या जपून भाजल्या, एकही करपू दिली नाही, आणि त्यामुळं पेशकार जास्तच घाबरले.

आठवड्यानंतरच्या रविवारी दुपारी कचेरीच घरी आली. आण्णासाहेब, उत्तरेश्वर, धोंडीबाच्या हातात शाल, नारळ आणि हार. लक्ष्मीबाईही येऊन ओसरीच्या कडेला बसल्या.

“आपल्या पेशकारांनी जो निर्णय घेतला,” आण्णासाहेबांनी सुरुवात केली आणि घसा साफ केला, “त्याविषयी मी बोलणार नाही.” आणि खरोखरच ते त्याविषयी बोलले नाहीत. बावीस वर्षांची इमानी नोकरी, नीटनेटकं दफ्तर, स्वच्छ हात, असं बरंच बोलले. पेशकारांच्या खांद्यावर शाल आली.

ते उत्तर द्यायला उभे राहिले. “मी आपल्या सर्वांचा ऋणी आहे. मास्तरीणबाईंनी दगडाला अक्षर शिकवलं. साहेबांनी मला उठून मान दिला. माझ्यासारख्या अपयशी माणसाला शाल कोण देतं?”

“अपयशी कसे?” आण्णासाहेब म्हणाले.

“निकाल लागला ना?”

“निकाल कुठं लागलाय?”

पेशकारांनी शाल चाचपली. “मग ही?”

“तुम्ही चाललात म्हणून.”

“उस्मानाबादला? महिन्या-दोन महिन्यांच्या कामाला शाल?”

“उस्मानाबादला कशाला जाताय?”

“दफ्तरखान्यात. मी लिहून दिलंय की.”

“अहो, तुम्ही राजीनामा लिहून दिलाय.”

“तेच म्हणतोय मी.”

लक्ष्मीबाईंनी वर्गात विचारतात तसं विचारलं, “पेशकारसाहेब, राजीनामा म्हणजे काय हो?”

“राजी असल्याचं लिहून देणं. बांधाच्या भांडणात दोन्ही बाजूंचं जुळलं की देतात तो. हजारभर तरी मीच लिहिले असतील.”

“आन् नोकरी सोडल्याचा कागद?” उत्तरेश्वरांनी विचारलं.

“तो इस्तीफा.”

लक्ष्मीबाईंनी पदर तोंडाला लावला. आठ महिने त्यांनी अवघड शब्द निवडून निवडून घोकून घेतले होते. हा घेतला नव्हता. हा तर पेशकारांच्याच घरचा. पण राज्य बदललं तशी या शब्दाचीही बदली झाली होती, नव्या जागी त्याला भलतंच काम दिलं गेलं होतं, आणि त्याचा कागद तेवढा पेशकारांपर्यंत आला नव्हता.

आण्णासाहेबांनी कोटाच्या आतल्या खिशातून ते पाकीट काढलं. “वर धाडला नव्हता मी. म्हटलं, माणूस रागाच्या भरात लिहितो, राग उतरला की मागायला येईल. तुम्ही आलाच नाहीत.”

“मी मंजुरीची वाट पाहत होतो,” पेशकार म्हणाले.

आधी उत्तरेश्वर हसले, मग धोंडीबा, मग पडद्यामागूनही काहीतरी सांडल्यासारखा आवाज आला. पेशकारांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. “शुक्रिया,” ते म्हणाले, मग “आभारी आहे,” म्हणाले, आणि कोणतं पुरेल ते न कळून पुन्हा दोन्ही म्हणाले. आपल्यासाठी एक माणूस आठ दिवस सरकारी कागद खिशात दाबून हिंडतो, हे त्यांना कुठल्याच भाषेत नीट सांगता येईना.

आणि मग एकाएकी ते थबकले. खिशातून प्रश्नपत्रिकेची घडी निघाली.

“प्रश्न चौथा,” त्यांनी वाचलं. “‘राजीनामा’ या शब्दाचा वाक्यात उपयोग करा. मी लिहिलं, ‘बांधाचे भांडण मिटवून दोन्ही भावांनी कचेरीत राजीनामा दिला.’ याचे तर मी पूर्ण गुण धरत होतो.”

कुणी हसलं नाही.

“दोघंही भाऊ सरकारी नोकरीत असले,” लक्ष्मीबाई विचार करून म्हणाल्या, “तर वाक्य चूक नाही.”

“तपासणारा हैदराबादेत शिकलेला असला तर प्रश्नच नाही,” आण्णासाहेब म्हणाले.

“आणि पुण्यात शिकलेला असला तर?”

आण्णासाहेबांनी धोंडीबाच्या हातातला नारळ घेऊन फिरवून पाहिला. उत्तरेश्वर म्हणाले, “कमीजास्त काही झालंच,” आणि थांबले. धोंडीबा म्हणाला, “त्ये आपलं त्ये,” आणि तोही थांबला. खेप दुसरी होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पडद्यामागं बांगड्या वाजल्या. हमिदाबी परक्या माणसांपुढं कधी बोलत नसत. उत्तरेश्वरांनी तर बारा वर्षांत त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

“नापास झालात तर घरी बसाल,” त्या म्हणाल्या. “आजून काय व्हईल? बावीस वर्षांत एक दिस बसला न्हाईत. बसा की. घर हाय, आन् घरात मी हाय.”