ओव्हनमधला हब

निदाने हट्टाने घेतलेल्या जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारची मागची चाकं घरघरू लागली होती. जुनी बेअरिंगं तिने ठोकून बाहेर काढली, पण नवी काही चाकाच्या मधल्या त्या लोखंडी हबमध्ये शिरेनात. मग तिने अम्मीला, जन्नतला, समजावलं, लोखंड गारठलं की आकसतं आणि तापलं की फुगतं. त्याप्रमाणे बेअरिंगं फ्रीजरमध्ये पापलेटांच्या खाली गेली, आणि घासूनपुसून घेतलेले दोन्ही हब जन्नतच्या केक भाजायच्या ओव्हनमध्ये. जन्नत तयार झाली ती एकाच अटीवर. चार वाजता केळशीहून निदाला बघायला पाहुणे यायचे होते, त्याआधी सगळं आटपायचं.

पाहुणे दोनलाच आले. खाडी ओलांडायच्या दाभोळच्या आणि जयगडच्या, दोन्ही फेरीबोटी त्यांना लागोपाठ मिळाल्या होत्या.

निदाचे अब्बा सुलेमान यांनी मुलाला, म्हणजे अरीबला, आणि त्याच्या वडिलांना पडवीत बसवलं. अरीबची आई रुकय्याबी मात्र मुलगी कुठे म्हणून विचारू लागल्या. सकाळपासून स्वयंपाकघरातच आहे, असं जन्नतने सांगितलं. ते खोटं नव्हतं. रुकय्याबींना फार बरं वाटलं. काय भाजतेय बघू तरी, म्हणत त्या उठल्या आणि जन्नत आडवी यायच्या आत थेट ओट्यापाशी पोचल्या.

ग्रीसचा वास दाटला होता. निदा जाड हातमोजे घालून ओव्हनमधून हब काढत होती. मागे अम्मीच आली असं समजून ती वळून न बघताच म्हणाली, "फ्रीजर उघड. पापलेटांच्या खालचं एक काढ. लवकर, हब निवतोय."

रुकय्याबींनी मुकाट्याने फ्रीजर उघडला आणि बेअरिंग तिच्या हातात ठेवलं. ते हबमध्ये अलगद उतरलं. मग निदाने वर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. जन्नत दारात डोळे मिटून उभी होती.

रुकय्याबींनी बांगड्या मागे सारल्या. "दुसरं मी बसवू काय गो?"

पाहुणे गेल्यावर जन्नत कपाळाला हात लावून बसली. पण जयगडच्या धक्क्यावरूनच रुकय्याबींचा फोन आला. मुलगी पसंत होती.

जन्नतच्या जिवात जीव आला. "तुला कसा वाटला गो?" तिने निदाला विचारलं.

"कोण?"

तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. चाकं चढेपर्यंत निदा आणि रुकय्याबी गाडीपाशीच होत्या, आणि अरीब बिचारा पडवीत सुलेमान यांच्या बोटीवरच्या गोष्टी ऐकत चहावर चहा पीत बसला होता. त्याला दाखवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"रुकय्याखाला मला पसंत आहेत," निदा म्हणाली. "त्यांना सांग, रविवारी मीच गाडी घेऊन येते. मुलगा बघायला."