मंगळवार पेठेतील चटणीयंत्राची मोहीम

श्रीअंबाबाई प्रसन्न. शके अठराशे पंचाहत्तर, विजयनाम संवत्सर, चैत्रमास, वद्यपक्ष. करवीर शहरी, मंगळवार पेठेत, चटणी दळावयाचे लोखंडी यंत्र एका घरात आले, त्यावरून जे युद्धप्रसंग गुजरले आणि अखेर जो मुलूख हस्तगत जाहला, त्याची हकीकत पुढील लोकांस कळावी म्हणोन हे लिहिणे. राजेलोकांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ. मुदपाकखान्यातील लढाई लिहावयास कोणी बसत नाही, कारण लिहिणारे सगळे त्या वेळी पाटावर बसून भाकरीची वाट पाहत असतात. आम्हीही त्यांतलेच. परंतु या घरची चटणी आम्ही बहुत वर्षे खाल्ली, त्या मिठास जागून खरे तेच लिहितो.

तरी शालूबाईसाहेब या सदरहू मुदपाकखान्याच्या खासा सरदार. फौज त्याच, दारूगोळा त्याच, आणि मागाहून भांडी घासणारे बुणगेही त्याच. त्यांचे यजमान हंबीरराव मास्तर. नाव ऐकोन मनुष्याने दबकावे, परंतु तलवारीस हात लाविल्याचे कोणाचे स्मरणात नाही. हायस्कुलात इंग्रजी शिकवीत आणि घरी येऊन बाहेरच्या खोलीत आपल्या शिसवी मेजापाशी खुर्ची ओढून बसत. त्या मेजावर दौत, टाक, पोरांच्या उत्तरपत्रिका आणि चहाची कपबशी एवढ्यांसच मुलाजमत होती. शालूबाईसाहेबांस फडक्याने पुसण्यापुरता प्रवेश होता.

याआधी घरात दोन यंत्रे आली, ती दोन्ही मास्तरांनी आपल्या मर्जीने आणिली आणि बाईसाहेबांच्या नावे जाहीर केली. पहिला पंपाचा स्टोव्ह. तो पेटवून दाखवावा म्हणोन मास्तर जातीने पुढे जाहले आणि पंप मारिला आणि काडी लाविली, आणि ज्वाळा तुळईपावेतो गेली, आणि मास्तरांची डावी मिशी कामी आली. मग उजवीही न्हाव्याचे हवाली करणे प्राप्त जाहले. दुसरे अंडी फेटण्याचे चक्र. बाईसाहेबांनी त्याने ताक घुसळून पाहिले, तेव्हा लोणी भिंतीवर गेले आणि ताक मास्तरांच्या सदऱ्यावर आले. त्या दिवसापासून मास्तर चारचौघांत सांगत की बायकांस यंत्रातले कळत नाही.

आता मोहिमेचे कारण. मार्गशीर्षात पंचगंगेच्या घाटावर शेवाळावरून पाय घसरला आणि बाईसाहेबांचे उजवे मनगट मोडले. हाडवैद्याने बांधिले, हाड सांधले, भाकरी थापण्यापुरता हात आला, परंतु मुसळ पेलेना. चैत्रात मिरच्या वाळून कडकडीत जाहल्या आणि कांदा, लसूण, सुके खोबरे, तीळ, धणे सगळे सज्ज जाहले, आणि वर्षाची चटणी करावयाचा समय आला. करवीर प्रांती ही चटणी म्हणजे घरच्या बाईचे निशाण. ताटात पडली की पाहुणा विचारतो कुणाच्या हातची, आणि त्या एका जबाबात बाईची सगळी अब्रू. ऐशा समयी गारगोटीहून थोरल्या जाऊबाई बाळाबाई यांचा खलिता आला की तुझा हात मोडलाय, औंदा चटणी आम्हीच धाडून देतो, तू काय बी करू नगंस. वरून माया बहुत. आतून मतलब हा, की वर्षभर या घरच्या प्रत्येक घासावर गारगोटीचा अंमल बसणार. दुसरी तजवीज कांडपीण लावण्याची. चिमणाबाई कांडपीण हाताची खरी, परंतु ज्या घरचे कांडी त्या घरच्या मसाल्याचे प्रमाण दिवस मावळण्याआधी गल्लीत जाहीर होई. शालूबाईसाहेबांस फार वाईट वाटले. आपण जिवंत असता आपल्या घरात दुसरीच्या हातची चटणी, हे त्यांच्याने सोसवेना.

मग बाईसाहेबांनी कोणाची मसलत न घेता महाद्वार रोडवर कूच केले आणि गुंडूशेट यांच्या दुकानी दाखल जाहल्या. तेथे एक बिडाचे यंत्र होते. वर नरसाळे, पोटात मळसूत्र, बाजूस फिरवावयाचा दांडा, आणि खाली फळीस आवळण्याचा स्क्रूचा चिमटा. गुंडूशेटांनी ते आपल्या काउंटरास आवळिले, मूठभर डाळं आत टाकिले, आणि म्हणाले, "वैनी, ताकद लागतच न्हाई. एका हातानं फिरवा की."

बाईसाहेबांनी उजवा हात पदराखाली ठेविला आणि डाव्या हाताने दांडा धरिला. यंत्र फिरले. पीठ पडले. डाव्या हाताने! बाईसाहेबांचे डोळे भरून आले, ते टिपले आणि पीठ उडाले म्हणाल्या, आणि यंत्र पिशवीत घालून घरी आल्या.

यंत्राबरोबर एक चोपडे आले होते, ते सगळे इंग्रजीत. ते वाचणारा सबंध घरात एकच, सबब मास्तरांस पाचारण जाहले. पहिले कलम ऐसे होते की यंत्र मेजाच्या कडेस घट्ट आवळावे. मास्तरांनी ते मनात वाचिले, एकवार आपल्या मेजाकडे पाहिले, आणि मोठ्याने सांगितले की यंत्र एखाद्या फळीस आवळावे. कोणत्या फळीस, ते म्हणे इंग्रजाने लिहिले नाही. फितुरी म्हणतात ती ही. आणि ही करणारा मनुष्य शाळेत पोरांस खरे बोलण्यावर निबंध घाली.

मग मोर्चे लागले. त्या घरी चूल भुईवर, विळी भुईवर, पाटा-वरवंटा भुईवर, आणि स्वयंपाक करणारीही भुईवर. चिमटा आवळावयास कडा म्हणोन कोठे नाही. पहिला हल्ला पाटावर जाहला. दांडा फिरावयास जागा व्हावी म्हणोन पाट चार विटांवर चढविला आणि पाट उडू नये म्हणोन मास्तरांस वर बसविले. पहिल्या फेऱ्यास दांडा मास्तरांच्या नडगीवर बसला, दुसऱ्या फेऱ्यास वीट सरकली, आणि मास्तर मिरच्यांत आले. दुसरा हल्ला उंबरठ्यावर. तो दगडी आणि रुंद, त्यास चिमट्याचे तोंडच पुरेना. तिसरा हल्ला माजघरातील झोपाळ्यावर. तेथे चिमटा मात्र नामी बसला. बाईसाहेबांनी अंबाबाईचे नाव घेऊन दांडा फिरविला, तो झोपाळा मागे गेला आणि बाईसाहेब पुढे गेल्या, आणि झोपाळा परत आला आणि नरसाळे कलंडले आणि मिरचीचा खकाणा खिडकीवाटे गल्लीत गेला. समोरच्या तालमीत दोन पैलवान जोर काढीत होते, ते शिंकत, डोळे चोळत रस्त्यावर आले. त्या दोघांस आजवर कोणी हटविले नव्हते.

खकाण्याच्या मागोमाग चिमणाबाई दारात उभी राहिली. नाकास पदर लावून म्हणाली, "वैनी, द्या की हिकडं, मी कांडतो. मसाला काय काय आन् किती किती, तेवढं सांगून ठेवा."

शालूबाईसाहेबांनी तिला वाटेस लाविले आणि मिरच्यांच्या सुपापाशी बसल्या आणि दुखरे मनगट धरून रडल्या. ते रडणे मिरचीचे नव्हते, हे लिहिणाऱ्यास पक्के ठाऊक आहे. मग उठून मास्तरांकडे गेल्या आणि हुकूम दिला, "लिवा गारगोटीला. धाडा म्हणावं चटणी."

मास्तर कोणा नातलगाच्या पत्रास महिना महिना जबाब देत नसत, ते तत्क्षणी मेजापाशी खुर्चीवर जाऊन बसले, टाक दौतीत बुडविला, आणि "वहिनींस नमस्कार, चटणी" इतके लिहूनही जाहले. बाईसाहेब शेजारी उभ्या. हातांची आग आग होत होती म्हणोन तेच इंग्रजी चोपडे घेऊन वारा घालीत होत्या. घालता घालता नजर मुखपृष्ठावर गेली आणि हात थांबला. तेथे चित्र होते. एक मडम हसतमुख उभी, आणि तिजपुढे हेच यंत्र.

"ही बाई हुबी ऱ्हाऊन काय करालीया?"

"चित्र हाय ते. विलायतेतल्या बायका उभ्यानंच करतात सगळं."

"आन् चिमटा कशाला लावलाय तिनं?"

मास्तरांच्या टाकातून शाईचा एक भला थोरला थेंब पत्रावर पडला. बाईसाहेबांनी चित्रातील मेज पाहिले, मग मास्तरांच्या कोपरांखालचे मेज पाहिले. चार पाय यास, चार पाय त्यास. त्या इंग्रजी शिकल्या नव्हत्या, परंतु चित्रास भाषा लागत नाही.

"पयलं वाक्य परत वाचा," त्या म्हणाल्या. "या टायमाला खरं."

मास्तरांनी वाचिले. आवाज इतका बारीक निघाला की वर्गातल्या पोरांनी ऐकिला असता तर पुढे कोणी त्यांस भ्याले नसते.

मग जे जाहले ते फार थोड्या वेळात जाहले. दौत उतरली, टाक उतरला, वार्षिक परीक्षेच्या एकशे बारा उत्तरपत्रिका खाली भुईवर आल्या, आणि मेज आपले स्थान सोडून मुदपाकखान्याकडे निघाले. दार अरुंद, पाय अडले. मग ते आडवे करून एक टोक बाईसाहेबांनी डाव्या हाताने व एक मास्तरांनी धरून आत घेतले. मास्तरांनी अर्ज केला की शिसवी लाकूड आहे, वर जुने वर्तमानपत्र तरी घालावे. तो मेहेरबानीने मंजूर जाहला. चिमटा कडेस बसला आणि हलेना. बाईसाहेबांनी मिरच्या नरसाळ्यात सोडिल्या आणि दांडा फिरविला, आणि मिरची उतरली, आणि मग खोबरे, तीळ, धणे, भाजला कांदा आणि लसूण उतरला, आणि सगळे एकत्र करून तीन वेळा फिरविले. चार दिवस हे काम चालले. बरण्या भरल्या. रंग ऐसा आला की चिमणाबाई दारातून पाहून आल्या पावली परत गेली. अर्धवट राहिले पत्र शाईच्या डागासुद्धा पुरे करविले, ते ऐसे: "वहिनींस नमस्कार, चटणी इकडे तयार आहे. एक बरणी मोटारीने आपणांस पाठवीत आहोत. चव कळवावी."

चटणी उरकली तरी मेज सुटेना, कारण बाईसाहेबांनी त्यावर लगोलग सांडग्यांचे काम काढिले आणि खुर्चीही आत मागविली. उत्तरपत्रिका तर तपासून देणे प्राप्त. तेव्हा मास्तरांनी मेजावर नजर राहावी म्हणोन मुदपाकखान्यातच भुईवर बसकण घेतली, पुढे पाट ठेविला, आणि वाकून तांबडी पेन्सील चालवू लागले. एक पत्रिका जाहली, दोन जाहल्या. पाचवीस मांडी बदलली. आठवीस कंबर धरिली आणि कळवळून म्हणाले, "अगं, पाठ मोडून आली की. गुडघं वळंनात. असं खाली वाकून माणूस दिवसभर काम करतंय तरी कसं?"

शालूबाईसाहेब खुर्चीवर बसल्या होत्या. पाय जमिनीस पुरेपूर टेकत नव्हते. त्यांनी दांडा थांबविला नाही.

"सतरा वर्सं करतोय की मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही आज इचारलासा."

मास्तरांनी नववी पत्रिका पाटावर ओढून घेतली. दुसरे दिवशी मेज बाहेर न्यावे ऐसी मागणी आली नाही, तिसरे दिवशीही नाही. सबब विजयनाम संवत्सरी, चैत्र वद्यात, मेज एक व खुर्ची एक मुदपाकखान्याकडे कायम जाहली आणि शालूबाईसाहेबांची फत्ते जाहली, ऐसे खातरीने लिहून ठेविले असे.