दोन शिक्के

खानझोडे सहलीला निघताना एक वेळ मास्क विसरतील, पण शिक्क्यांची वही विसरणार नाहीत.

हे आमचे आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनचे शेजारी. मूळचे नागपूरचे. मध्ये तीन वर्षं कंपनीने त्यांना जपानला पाठवलं होतं. तिथून परतूनही बराच काळ लोटला, पण मला ते अजून जपानी थाटात 'कुलकर्णी-सान', म्हणजे कुलकर्णीजी, म्हणतात. कुंडीतल्या मिरचीच्या रोपालाही 'सान' लावतात.

जपानमध्ये म्हणे गावाकडच्या रस्त्यांवर 'मिची-नो-एकी' असतात, म्हणजे रस्त्यावरची स्टेशनं. तिथे गाडी लावायची, आसपासच्या शेतकऱ्यांनी आणलेली भाजी आणि लोणची बघायची, तिथलंच काहीतरी खायचं आणि टेबलावर ठेवलेला स्टेशनचा शिक्का आपल्या वहीत मारायचा. "वांगं कोणाचं, ते पुड्यावर फोटोसकट लिहून असते ना बाप्पा," खानझोडे सांगतात. आयर्लंडमध्ये असली स्टेशनं नाहीत, हे त्यांना मान्य नाही. "आहेत. इथल्या लोकांनाच माहीत नाही."

२०२०च्या उन्हाळ्यात काउंटीबाहेर, म्हणजे जिल्ह्याबाहेर, जायची परवानगी मिळाली आणि दर शनिवारी ते मला गाडीत घालून निघू लागले. पेट्रोल पंप दिसला की आत शिरून विचारायचे, "व्हॉट इज लोकल हिअर?" काउंटरवरची बाई विचार करून म्हणायची, "द चिकन रोल्स आर ग्रँड." मग ते शिक्का मागायचे. जो असेल तो, पण दोनदा आणि शेजारी शेजारी. वहीत पोस्टाचा होता, वाचनालयाचा होता, एका गावातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी दिलेला कुत्र्याच्या लसीचासुद्धा होता. दोन कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "एक बिघडला तर?" असं उत्तर मिळालं. मी ते त्यांच्या इतर खुळांमध्ये जमा केलं.

असंच एका शनिवारी स्लायगोच्या अलीकडे रस्त्याकडेला एक टपरी दिसली. बटाटे, बीट, घरचा ब्रेड आणि जॅमच्या बरण्या. बरणीवर हाताने लिहिलेलं, 'मेरीज जॅम'. मेरी मागेच खुर्चीवर बसलेली, सत्तरीची.

"कुलकर्णी-सान," खानझोडे हळूच म्हणाले, "नाव लिहून आहे."

आम्ही उभ्याउभ्या ब्रेड आणि जॅम खाल्ला. मग त्यांनी वही काढली. मेरीकडे शिक्का नव्हता. सही चालेल का, असं तिने विचारलं. खानझोडेंनी नकारार्थी मान हलवली, वही मिटली, पण पाय काही निघेना.

"खरं स्टेशन हेच होतं," ते म्हणाले. "आणि हेच सुनंदाचं राहून जाईल."

सुनंदा म्हणजे त्यांची बायको. फेब्रुवारीत आईच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेली आणि विमानं बंद झाल्यावर तिथेच अडकली. हे मला ठाऊक होतं. पण ते कधी तिचा विषय काढत नसत, म्हणून मीही विचारत नसे.

"जपानमध्ये आम्ही दोघं जायचो. एक माझा, एक तिचा. पहिला शिक्का शाईनं पसरते, तो मी घेतो. दुसरा साफ येते, तो तिचा."

मी वही उघडून पाहिली. प्रत्येक पानावर डावीकडे डाग होता आणि उजवीकडे स्वच्छ शिक्का. इतके शनिवार याच वहीला हसलो, याची मला लाज वाटली.

शाळेत आम्ही भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे करायचो. मी मेरीकडे सुरी मागितली. बटाटा कापून त्यावर 'मे' कोरला, वर बिटाची फोड घासली आणि ठसा खानझोडेंच्या हातात दिला. तो उमटला उलटा. अक्षर उलटं कोरायचं असतं, हे मी साफ विसरलो होतो.

"चालते," ते म्हणाले. "जपानी वाटते."

डावा पसरला, उजवा साफ आला. वारा होता, म्हणून रस वाळेपर्यंत आम्ही दोघांनी बॉनेटवर वहीची एकेक बाजू धरून ठेवली. मेरी पाहायला आली. तिने दोन्ही ठशांवरून नजर फिरवली.

"ॲन्ड वेअर्स हरसेल्फ?" इथे एखाद्याच्या बायकोची चौकशी अशीच करतात.

"ऑन द वे," खानझोडे म्हणाले.

भारतातून येणारी विमानं अजून बंदच होती.