सासूबाई पहिल्या रांगेत

गारिकाईने गिटार गळ्यात अडकवली, माईकपाशी आला आणि पहिल्या रांगेत आपली सासू बसलेली पाहून त्याची पाचावर धारण बसली.

सकाळपासून स्वारी मजेत होती. मास्विंगोच्या तळ्याकाठी, डिसेंबरच्या, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्याच्या, रणरणत्या उन्हात भरलेला हा संगीताचा उत्सव. भाजलेली कणसं खात त्याने इतरांचं गाणं ऐकलं, अनोळखी बायकांबरोबर नाचला, एकाच्या तर शर्टावर सही केली. हा सगळा मान एका गाण्यामुळे मिळाला होता. त्या गाण्यातली सासू चार दिवसांसाठी म्हणून लेकीकडे येते आणि मका पेरून, खुरपून, कापून झाला तरी तिचे चार दिवस संपत नाहीत. शहर मुतारे असो, बुलावायो असो, लोक हेच गाणं मागत. त्यातला शब्दन् शब्द घरात घडलेला आहे, हे एकट्या ढोलवाल्या तोंदेरायला ठाऊक होतं. सासूबाईंच्या आडगावात रेडिओसुद्धा नुसता खरखरतो, या भरवशावर गारिकाईचे दौरे चालले होते.

आणि आता त्याच सासूबाई पांढरा रुमाल बांधून समोर! शेजारी त्यांच्या चर्चच्या महिला मंडळातल्या दहाबारा बायका.

"तोंद्या, मेलो! अंबुया आल्यात!"

"कुणाच्या?"

"माझ्या! माझी सासू, ती काय तिथे!"

तोंदेरायने मान उंच करून पाहिलं. "अरे देवा! मग ते गाणं नको."

"नावसुद्धा काढू नकोस. त्या सेकाईला माहेरी घेऊन जातील. आणि आईचा अपमान झाला म्हटल्यावर ती जाईल रे, मागे वळूनसुद्धा बघणार नाही."

सेकाई म्हणजे त्याची बायको. तिच्यावाचून रिकामं घर गारिकाईच्या डोळ्यांपुढे आलं.

तिथल्या जावयाने सासूच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नसतो. म्हणून त्याने पहिलं गाणं लोकांकडे पाठ करून म्हटलं. लोकांना ती नवी ऐट वाटली, त्यांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या गाण्याला तो डावीकडच्या मोठ्या स्पीकरमागे गेला, तर सासूबाईंनी खुर्ची उचलून डावीकडे नेली. मग त्याने एक प्रार्थनागीत सुरू केलं.

"आम्ही काय मयताला आलोय?" मागून कुणीतरी ओरडलं. "सासूचं म्हण, सासूचं!"

बघता बघता सगळं मैदान "सासू! सासू!" करू लागलं. "म्हणून टाक बाबा, नाहीतर मंडप खाली येईल," पडद्याआडून आयोजक हात जोडत होता. तेवढ्यात तोंदेरायच्या हातांनी सवयीने ठेका धरला. झालं. गारिकाईने घाईघाईने सासूच्या जागी मामा घातला. पण पाच हजार लोक बेंबीच्या देठापासून सासूच म्हणत होते.

गाणं संपलं आणि सासूबाई उठल्या. तडक पायऱ्या चढून वर आल्या. रीतीप्रमाणे गारिकाई गिटारसकट उकिडवा बसला. त्यांनी माईक हातात घेतला.

"जावईबापू, हे गाणं कुणावर आहे?"



"कु-कुणावर नाही, अंबुया! देवाशपथ! नुसती कल्पना आहे."

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. खाली महिला मंडळ खो खो हसू लागलं. "म्हणे माझ्यावर गाणं आलंय! तरी मी म्हणतच होते," एक जाडजूड बाई म्हणाली.

सासूबाईंनी माईकवर हात ठेवला आणि खाली वाकून दात-ओठ खात म्हणाल्या, "बसवाले तुमचं गाणं लावतात, तेव्हापासून सांगतेय ह्यांना की ती सासू मीच. लॉरी करून आणलंय सगळ्यांना. नीट बोला, नाहीतर सेकाईला आजच घेऊन जाते!"

"तुम्हीच!" गारिकाई किंचाळला. "ती सासू तुम्हीच, अंबुया! सगळेजण ऐका, ह्याच त्या!"

बायकांनी जिभा घोळवून जो आनंदाचा कल्लोळ केला, तो तळ्यापार गेला असेल. सासूबाई फुलल्या. जाड्या बाईकडे एक नजर टाकून त्या माईकवर म्हणाल्या, "पण फार तोकडं केलंत हो. तीनच कडवी! तुमचंही बरोबर आहे, मी समोर नसले की सुचणार कसं? नव्या वर्षाला येते राहायला. सवडीने लिहा."

तिथे सासूला नाही म्हणायची सोय नसते. जावयाने मान खाली घालून टाळ्या वाजवायच्या, की झाला होकार. गारिकाईने सावकाश टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेला तो नव्या गाण्याचा ठेका वाटला. तिने तो उचलला, आणि पाठोपाठ सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं.