आमच्या छत्रीचं अर्थिंग

मागच्या गल्लीतल्या चिंधूच्या घरावर वीज पडली आणि डिशच्या छत्रीतून उतरून टीव्हीचा कोळसा करून गेली, तेव्हा मी हळहळून गप्प बसायला हवं होतं. पण कौशल्याबाईंनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, टीव्हीची पिन उपसून माझ्या हातात दिली.

"छत्रीले अर्थिंग झाल्याबिगर या घरात टीव्ही लागनार नाई."

इलेक्ट्रिशियन रोशन लग्नसराईच्या मंडपांत अडकलेला. (या दिवसांत समुद्रपुरात एकवेळ नवरदेव मिळतो, इलेक्ट्रिशियन नाही.) म्हणून मीच करायचं ठरवलं. चौतीस वर्षं सरकारी कारकुनी केलेल्या माणसाला सूचना वाचून काम करता येतं, असा माझा गैरसमज होता. सूचना सोप्या होत्या: छत्रीला तार बांधा, खाली खोल खड्डा करा, तारेच्या टोकाला तांब्याची प्लेट जोडून पुरा, भोवती मीठ आणि कोळसा भरा. प्लेट म्हणून माळ्यावर एक ताट सापडलं. तांब्याचं होतं, काळंकुट्ट होतं, कुणाच्या वापरात नव्हतं.

माती भुसभुशीत होती ती रूपरावच्या भिंतीलगत. रूपराव किराणा दुकानदार, तीस वर्षांचा शेजारी. माझा सकाळचा चहा त्याच्याच ओट्यावर असतो, कारण घरी बिनसाखरेचा मिळतो. मी मीठ पसरत होतो, तोच भिंतीवरून त्याच्या आनंदाबाईंचं डोकं वर आलं.

"काय पुरून राह्यले, भाऊजी?"

"अर्थिंग."

"त्याले मीठ कायले?"

"विज्ञान हाये, वहिनी."

"अन् कोळसा?"

"तेही विज्ञानच."

"मंग हे विज्ञान अवसेलेच काऊन आठवलं?"

(अमावास्या होती, हे मला ठाऊक नव्हतं. निवृत्त माणसाला वार कळत नाही, तिथी कुठून कळणार?)

डोकं खाली गेलं. त्यांची सून समीक्षा तेव्हा सातव्या महिन्यात. दहा मिनिटांत सगळं कुटुंब माझ्या अंगणात.

"तानबा, मी असलं मानत नाई," रूपराव म्हणाला. "पन एकदा हिले दाखव काय पुरलं तं."

निष्पाप माणसाच्या उत्साहाने मी खड्डा उकरला, तारेपासून ताट सोडवलं आणि पंच्याने खसखसून पुसून पुढे धरलं. ओल्या मिठाने तांबं उजळलं होतं. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं कुणालाही वाचता आली असती: 'वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट. सौ. आनंदाबाई व श्री. रूपराव यांजकडून.'

चौतीस वर्षं मी न वाचता एका कागदावर सही केली नाही. ताट मात्र न वाचता पुरलं.

"आमची नावं!" आनंदाबाई किंचाळल्या. "मिठात! कोळशात!"

"वहिनी, ते विजेसाठी—"

"वीज पाडता आमच्यावर?"

मी आशेने कौशल्याबाईंकडे पाहिलं.

"अन् मी वर्षभरापासून हे ताट शोधून राह्यली!" त्या म्हणाल्या आणि पलीकडच्या पक्षात जाऊन उभ्या राहिल्या.

चहा बंद झाला. तिसऱ्या दिवशी पोहे आणायला दुकानात गेलो, तर रूपरावने मला 'साहेब' म्हटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

पाचव्या दिवशी रोशन उगवला. गच्चीवर चढला, तार धरून छत्रीपर्यंत गेला आणि दोन्ही घरांना ऐकू जाईल असा ओरडला, "काका, ही तार रूपरावकाकांच्या छत्रीले काऊन बांधली?"

(गच्चीचा कठडा सामाईक, छत्र्या जुळ्या. मी आणखी काय बोलू?)

भिंतीपलीकडून रूपरावचं गडगडाटी हसू आलं. "अवं ऐकलं का? आपली वीज जिरवाले यानं आपलंच ताट पुरलं!"

आनंदाबाईंनी बराच विचार केला. "मंग पुन्हा पुरा म्हना. जसं होतं तसं. फक्त नावं वर ठेवजा."

रोशनने पुरलं, रूपरावच्या छत्रीचं अर्थिंग पक्कं केलं आणि मंडपाकडे पळाला. आमच्या छत्रीचं लग्नसराई संपल्यावर. चहा सुरू झाला, पण जाताजाता रोशन बजावून गेला होता की खड्डा कायम ओला राहिला पाहिजे, आणि खड्डा माझ्या अंगणात. काल संध्याकाळी ढग दाटले, तेव्हा मी अंधाऱ्या टीव्हीपुढे बसलो होतो. भिंतीपलीकडून हाक आली.

"भाऊजी, आज पानी नाई टाकलं! आमचा टीव्ही सुरू हाये!"

"दोन बादल्या टाका हो, मालिका रंगात आली!" पाठोपाठ दुसरा आवाज आला. तो कौशल्याबाईंचा होता.