टीनाचं वापरात नसलेलं गाव

माणूस कुठला, हे तो कुठे राहतो यावरून ठरत नाही. विचारल्यावर कोणतं गाव सांगतो यावरून ठरतं. भिलाईतल्या मराठी माणसाला हे ज्ञान दुधातूनच मिळतं. (दूध भिलाईचं. पण विचाराल तर भंडाऱ्याचं.)

याच भक्कम पायावर सेक्टरातल्या मंडळींनी 'नवागत युवक व कुटुंब संधी-विस्तार समिती' उभी केली. हेतू थोर होता: बाहेरून नव्याने आलेल्या मुलांना दहावीची फुकट शिकवणी. जागा वीस. अध्यक्ष हेमराजकाका, पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेले, माइकवरून नाही.

समितीकडे खरीखुरी नवागत आणली ती टीनाने. टीना दहावीतली. गेल्याच महिन्यात ती वादविवादात पहिली आली आणि तेव्हापासून घरात पाणीसुद्धा "आदरणीय आई" म्हणून मागते. जूनमध्ये तिच्या बाकावर दीक्षा येऊन बसली. दीक्षाचे बाबा प्रेमानंद ठेकेदाराकडे वेल्डर, जवळच्या कुरुदला भाड्याची खोली. गावच्या मराठी शाळेत दीक्षा पहिली यायची. इथे सगळं हिंदीत. तिकडची पेशी इकडे कोशिका झाली, आणि इकडची पेशी म्हणजे तिकडचा स्नायू निघाला. पहिल्या चाचणीत विज्ञानात सहा मार्क पडले. बाबांनी शांतपणे सांगितलं, "छमाही परीक्षेत पास झाली तं शाळा. नाही तं शिलाई मशीन."

म्हणजे शिकवणी हवीच होती.

समितीने आधी 'नवागत' शब्दाची व्याख्या केली, कारण व्याख्या न करता मदत केली तर ती गरजूपर्यंत पोचण्याचा धोका असतो. ठरलं असं: ज्याचं गाव दुसरीकडे, तो नवागत. टाळ्या वाजल्या, आणि लगेच सगळ्यांच्या लक्षात आलं की आपण सगळेच नवागत आहोत! हेमराजकाकांचे वडील प्लांटची पहिली भट्टी बांधायला आले होते, पण गाव आमगाव. म्हणून नातू अंकुर नवागत. टीनाचं गाव तुमसर, म्हणून तीही. (दोनदा गेली, दोन्ही वेळा जुलाब.) समितीच्या आकडेवारीनुसार सभासदांपैकी शंभर टक्के नवागत, सरासरी वास्तव्य बावन्न वर्षं. वीस जागा चहा यायच्या आत भरल्या.

मग दीक्षाची पाळी आली.

"बेटा, गाव कोणतं तुमचं?"

"होतं काका. धरणात गेलं."

"मंग दिवाळीले कुठं जाता?"

"कुठंच नाही. इथंच राहतो."

काकांचा चेहरा उजळला. "अवो, मंग तू तं इथलीच झाली पोरी! आख्ख्या भिलाईत एक लोकल भेटली बाप्पा!"

स्थानिकांनी पाहुण्यांचं स्वागत करायचं ही आपली संस्कृती. उद्घाटनाला दीक्षाने वीसही नवागतांना गुलाबाचं फूल दिलं. अंकुरने फूल घेऊन विचारलं, "चाय नहीं है क्या?"

टीनाला राहवलं नाही. तिने माइक ओढला.

"आदरणीय काका, माझं तुमसर दीक्षाले देऊन टाका. मी तसंही वापरत नाही."

हॉलमधले पंखेसुद्धा दचकले. पहिल्या रांगेतून टीनाचे आजोबा काठी टेकत उठले.

"गाव का बसमधला रुमाल हाये, सीटवर टाकाले? कावून असं बोलून राहिली तू?"

"आबाजी, तुम्ही शेवटचे कधी गेले होते?"

"जाऊन नाही राहिलो म्हनून का गाव सोडलं? मनानं रोज जातो मी!"

"तं मग मनानं जा नं. सीट इथली आहे."

हेमराजकाकांनी निवाडा दिला: गाव दुसऱ्याच्या नावावर होत नाही. मात्र टीनाने चारचौघांत आपलं सोडलेलं आहे, सबब तीही आता स्थानिक. तिची रिकामी जागा काकांच्या भाच्याला मिळाली. (जन्म शेजारच्या दुर्गचा, घरही तिथलंच, पद्मनाभपूरला. भिलाईत तो रोज नव्यानेच येतो.) टीनाच्या हातात चहाचा ट्रे आला.

आता संध्याकाळी हॉलच्या पायऱ्यांवर भिलाईच्या दोन मूळ रहिवासी बसतात. खिडकीतून सरांचा आवाज येतो. अर्धा पंखा खातो, उरलेला टीना मराठीत उतरवते.

"कोशिका म्हणजे?"

"पेशी. अन् पेशी म्हणजे स्नायू. अन् स्नायू म्हणजे... थांब यार, कन्फ्यूज नको करू."

आत अंकुर बाकावर डोकं ठेवून गावाच्या आठवणीत झोपलेला असतो. छमाही सोमवारपासून आहे, आणि प्रेमानंद कुरुदच्या बाजारात मशीनचे भाव विचारून आले आहेत.

म्हणून टीनाची वाचकांना नम्र विनंती आहे. तुमच्याकडे एखादं न वापरलेलं गाव पडून असेल, वर्षानुवर्षं न गेलेलं, फक्त लोकांनी विचारल्यावर सांगण्यापुरतं, तर ते दीक्षाला द्या. कायमचं नको, परीक्षेपुरतं चालेल.

काय म्हणता, "आमचं आम्हाला लागतं हो"?

मग या, आत बसा. तुमची जागा धरलेली आहे. फूल दीक्षा आणून देईल.